गवत खाणाऱ्या राजाचा मुकुट

रत्नम्माच्या लेकाचा, अमरनाथचा, ज्या वर्षी बाप्तिस्मा झाला त्या वर्षी मी जन्मलो. बाप्तिस्म्याला मंठाळहून तिच्या माहेरची माणसं आली होती. त्यांच्या जेवणासाठी शेंगदाण्याच्या तेलाचा मोठा डबा आणला होता. जेवणं झाली, पाहुणे गेले, डबा रिकामा झाला. मित्रांनो, त्या रिकाम्या डब्यापासून मी झालो. मी पत्र्याचा मुकुट आहे. आता मी जुना झालो आहे. माझा सोनेरी रंग जागोजागी उडाला आहे आणि आतल्या बाजूला तेलाच्या कंपनीची लाल अक्षरं अजून दिसतात. मला त्याची लाज वाटत नाही. आपण कशापासून झालो हे आतून दिसत असलेलं बरं.

मला घडवलं मडिवाळप्पांनी. राजेश्वर गावच्या बाजारात ते रॉकेलच्या चिमण्या, नरसाळी आणि तेलाची मापं बनवायचे. रत्नम्मा तान्ह्या अमरनाथला कडेवर घेऊन त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली आणि तिनं डबा खाली ठेवला.

"मुकुट करून द्या, अप्पा. राजाचा."

"माप कुठाय?"

"राजाचं डोकं अजून ठरलं न्हाई."

मडिवाळप्पा हसले. "राजाच्या डोक्याचं काय माप घ्यायचं, अक्का? रोज फुगत आसतंय ते."

त्यांनी कातर चालवली, पत्र्याची टोकं वळवली, कथलाचा डाक दिला. मागची बाजू मात्र उघडी ठेवली आणि दोन्हीकडं भोकं पाडून त्यातून सुतळी ओवली. म्हणाले, "आता लहान डोकं आसू दे, मोठं आसू दे. राजे बदलतेत. मुकुट कामून बदलायचा?"

आमचं गाव राजेश्वरपासून आत आहे. चहूकडं तुरीची रानं आहेत. गावाच्या कडेला ख्रिस्ती लोकांची वस्ती आहे आणि वस्तीत लहानसं प्रार्थनामंदिर आहे. रत्नम्माचा नवरा तिथं शास्त्र वाचून दाखवायचा. तुरीच्या राशी झाल्या की संक्रांतीनंतरच्या रविवारी वस्तीत सुगीचा सण होतो. लोक धान्य, भोपळे, कोंबड्या घेऊन देवाचे उपकार मानायला येतात. त्या सणाला बाबेलच्या राजाचा खेळ करायचा असं त्या नवराबायकोनं ठरवलं, म्हणून मला घडवलं होतं.

ती गोष्ट तुम्हाला सांगतो. बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर फार मोठा होता. एकदा त्याला स्वप्न पडलं. आभाळाला टेकलेलं एक झाड होतं आणि ते तोडून टाकायची आज्ञा स्वर्गातून झाली. बुंधा मात्र जमिनीत राखायचा होता. दानीएल नावाच्या देवाच्या माणसानं त्याला सरळ सांगितलं, "राजा, ते झाड तू आहेस. राज्य देवाचं असतं. तो ते हवं त्याला देतो. वेळ आहे तोवर गरिबांवर दया कर." राजानं ऐकून घेतलं आणि सोडून दिलं. वर्षभरानं तो वाड्याच्या गच्चीवर फिरत होता. नगराकडं बघून तो म्हणाला की हे सगळं मीच बांधलं, माझ्याच बळानं. ते शब्द तोंडात होते तोवरच स्वर्गातून वाणी झाली आणि राज्य त्याच्या हातून गेलं. त्याचं भान हरपलं. तो रानात बैलासारखं गवत खाऊ लागला. पुष्कळ काळ गेल्यावर त्यानं एकदा डोळे वर उचलले. तेव्हा त्याचं भान परत आलं आणि राज्यही परत मिळालं. जो गर्वानं चालतो त्याला देव खाली आणू शकतो, हे मग त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं.

पहिल्या वर्षी राजा कोण होणार हे ठरत नव्हतं. सिंहासनासाठी खुर्ची हवी होती, म्हणून रत्नम्माचा नवरा बसवराज पाटलांकडं गेला. गावात त्यांचाच शब्द चालायचा.

"खुर्ची देतो," पाटील म्हणाले. "पण माझ्या खुर्चीवर मीच बसणार."

अशा रीतीनं लिंगायतांचे पाटील ख्रिस्ती वस्तीत राजा झाले. शेवटी गवत खायचं आहे हे त्यांना सणाच्या दिवशीच कळलं. सगळं गाव बघत होतं. पाटलांनी मिशीवरून हात फिरवला, मला डोक्यावरून काढून बाजूला ठेवलं आणि ते गुडघ्यांवर आले. पुढं गवत म्हणून रत्नम्मानं हरभऱ्याचा कोवळा पाला ठेवला होता. आंबट, खारट, चवीला चांगला. पाटलांनी तो मूठभर खाल्ला आणि हळूच म्हणाले, "वैनी, उगं भिवविलात की मला."

रत्नम्माची ती रीत कायम राहिली. ती म्हणायची, "माणसाला वाकायला लावावं, पण त्याची थट्टा करू नये."

तेव्हापासून गावात ज्याच्या हातात सत्ता येईल तो त्या वर्षी राजा होऊ लागला. मंडल पंचायतीचे प्रधान झाले, सोसायटीचे चेअरमन झाले. राजश्रीबाई ग्रामपंचायतीच्या अध्यक्ष झाल्या तेव्हा कुणीतरी म्हणालं, यंदा राणी करू. त्या म्हणाल्या, "राणी कशाला? गवत खायची पाळी आली तेव्हा बरी बाई आठवली! मी राजाच व्हणार." त्यांनी पदर खोचला आणि इतका पाला खाल्ला की रत्नम्माला टोपली ओढून घ्यावी लागली. माझे ते चांगले दिवस होते. सण आला की मला चिंचेनं घासायचे, सोनेरी रंग द्यायचे. लहान मुलं मला डोक्यावर घालायला रांग लावायची. एवढ्या लोकांच्या कपाळाचा घाम मी प्यालो आहे, आणि राजा असो वा रंक, चव एकच.

रत्नम्माचा नवरा लवकर वारला. पुढं खेळ तीच बसवू लागली. सगळे शब्द तिला पाठ होते. अमरनाथ मोठा झाला, पंचायतीत पाणी सोडायच्या कामाला लागला. टाकीच्या खोलीची किल्ली त्याच्या कमरेला असायची. त्याची मुलगी शैलश्री कलबुर्गीला नर्सिंग शिकू लागली. घर त्या किल्लीवर चाललं होतं.

मग बसवराज पाटलांचे चिरंजीव जगदेवप्पा अध्यक्ष झाले.

मित्रांनो, जगदेवप्पा वाईट माणूस नव्हते. त्यांनी गावात पाण्याची नवी टाकी आणली. वेशीत सिमेंटची कमान उभी केली. पण टाकीवर त्यांचं नाव, कमानीवर त्यांचं नाव, बसायच्या बाकड्यांच्या पाठीवरही त्यांचंच नाव. सणाच्या आधी त्यांचा पुतण्या महेशकुमार मोटारसायकलवरून रत्नम्माच्या दारात आला. तो उतरलासुद्धा नाही.

"अक्का, काका राजा व्हायला तयार हायेत. तालुक्याहून पाव्हणे येणार हायेत. पण गवताचं काढून टाका."

"कामून?"

"कामून म्हणजे? अध्यक्षानं गवत खाल्लेलं फोटोत बरं दिसतंय व्हय? राजाचं भाषण झालं की टाळ्या, हार, संपलं. आन् हा डबा नको." त्यानं खिळ्यावर टांगलेल्या माझ्याकडं बोट दाखवलं. "कलबुर्गीहून नाटक कंपनीचा मुकुट मागविलाय. खड्यांचा."

"मुकुट कुणाचाबी आणा. गवत ऱ्हाणार."

महेशकुमारनं गाडी सुरू केली. जाता जाता म्हणाला, "अमरनाथची जागा पर्मनंट न्हाई, अक्का. तेवढं ध्यानात ठेवा."

संध्याकाळी अमरनाथ आईपुढं बसला. "माय, एक वर्ष गवत नसलं तर देव काय उपाशी मरणार हाय का?"

"देव कशाला मरतोय?"

"मग? शैलश्रीचं शिक्षण आर्ध्यात हाय. माझी किल्ली गेली तर काय करायचं?"

रत्नम्मा तुरी निवडत होती. तिचा हात थांबला. किल्ली गेली तर काय होईल हे तिला अमरनाथपेक्षा जास्त माहीत होतं. विधवा बाईनं लेकरू वाढवलं होतं.

ती म्हणाली, "गवत काढलं तर ती गोष्ट राजाची व्हतीय, बाळा. देवाची न्हाई. तसली गोष्ट सांगायला मी कशाला पायजे? तेंच्याकडं भोंगा हाय की."

"मग तू अध्यक्षाला जबरदस्तीनं वाकविणार?"

"मी कोण वाकविणार? मी पाला पुढं ठिवीन आन् शबुद म्हणीन. पुढचं तेचं तेनं बघावं."

अमरनाथ उठून गेला. त्या घरात दोन दिवस भाकरीचं ताट सरकवण्यापुरतंच बोलणं झालं.

सणाच्या दिवशी ट्रॅक्टरची ट्रॉली हीच बाबेलची गच्ची होती. मला कुणी बोलावलं नव्हतं, तरी रत्नम्मा मला मांडीवर घेऊन पुढं बसली होती. जगदेवप्पा खड्यांचा मुकुट घालून ट्रॉलीवर चढले. खरं सांगतो, तो मुकुट सुंदर होता. दिव्यांच्या माळेखाली तो असा चमकत होता की मलाही बघत राहावंसं वाटलं. पुढच्या रांगेत पाहुणे होते. त्यांच्याशेजारी खुर्चीवर पाय वर घेऊन जगदेवप्पांची म्हातारी आई ईरम्मा बसली होती. बसवराज पाटलांची ती पत्नी.

जगदेवप्पांनी माइक हातात घेतला. "ही थोर बाबेल कुणी बांधली?" मग त्यांना राहवलं नाही. "ही कमान कुणी बांधली? मी! ही टाकी कुणी आणली? मी! वस्तीतला रस्ता?"

"अर्धाच झालाय!" मागून कुणीतरी ओरडलं. लोक हसले. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. महेशकुमार हार घेऊन पुढं आला.

तेवढ्यात रत्नम्मा उठली. तिनं मला खुर्चीवर ठेवलं, हरभऱ्याच्या पाल्याची टोपली उचलून ट्रॉलीच्या कडेवर ठेवली आणि स्वर्गातल्या वाणीचे शब्द म्हणू लागली. महेशकुमारनं माइक बंद केला. तिला माइक नकोच होता.

"राजा, तुझं राज्य तुझ्या हातून गेलं हाय. माणसात तुला जागा न्हाई. राज्य कुणाचं हे तुला कळंस्तोवर तू गवत खाशील."

जगदेवप्पा टोपलीकडं बघत उभे राहिले. मला वाटतं, त्या क्षणी ते वाकलेही असते. पण ईरम्माला कमी ऐकू यायचं आणि म्हणून ती मोठ्यानं बोलायची.

"जगू, खा की रे! उबा कामून ऱ्हायलास? तुझ्या अप्पानं खाल्लं व्हतं, काय बी झालं न्हाई त्यान्ला."

हशा पिकला. जगदेवप्पांचं तोंड लाल झालं. "अव्वा, गप बस!" ते ओरडले. मग ट्रॉलीच्या दुसऱ्या बाजूनं उतरले, पाहुण्यांच्या गाडीत बसले आणि निघून गेले. बाबेलचा राजा मुकुटासकट गाडीतून गेला.

पोरं रत्नम्माभोवती जमली. "आज्जी, मग राजाचं काय झालं?"

"राजा अजून रानातच हाय," ती म्हणाली. टोपलीतला पाला पोरांनीच खाऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी महेशकुमार आला आणि अमरनाथकडून टाकीची किल्ली घेऊन गेला. अमरनाथनं कमरेची किल्ली सोडून दिली. मग घरात आला, खिळ्यावरून मला काढलं आणि परसात कडब्याच्या गंजीवर भिरकावलं. तिथं एक कोंबडी माझ्यात अंडी घालू लागली. मी तिच्यावर रागावलो नाही. पत्रा उन्हानं लवकर तापतो, तिला ऊब मिळाली. पण कुणी नाव घेत नाही, कुणी हात लावत नाही, तेव्हा गंज लवकर चढतो हे मी तिथं शिकलो.

अमरनाथ मंठाळला एका पाइपच्या दुकानात जाऊ लागला. सकाळची बस, संध्याकाळची बस. मिळकत कमी झाली. रत्नम्मा शेजारच्या रानात हरभरा काढायला जाऊ लागली. या वयात तिची कंबर धरायची. एकदा अमरनाथ तिची कंबर चोळताना म्हणाला, "माय, तू ते शबुद म्हटलीस त्याचा मला राग न्हाई. तुला उन्हात जावं लागायलंय त्याचा राग हाय." एवढं बोलून त्याला बरं वाटलं असावं. दुसऱ्या दिवशी त्यानं मला गंजीवरून आणून परत खिळ्याला टांगलं. अंडी मात्र त्यानं आधी काढली.

फाल्गुनात ईरम्मानं अंथरूण धरलं. एका दुपारी जगदेवप्पा वस्तीत चालत आले. गाडी नाही, बरोबर माणूस नाही. दारात उभे राहून घाम पुसत म्हणाले, "अक्का, अव्वा औषध घेईना झालीय."

"का बरं?"

"म्हणायलीय, आर्धा खेळ टाकून उटलास. राजा रानात सोडून आलास. तेवढं पुरं कर, मग औषध घेते." त्यांनी मान खाली घातली. "तुम्ही येताव का?"

रत्नम्मानं मला खिळ्यावरून काढलं, पदरानं पुसलं. "हरभरा तर समदा काढून झालाय," ती म्हणाली. "आता पाला न्हाई. गवतच घ्यावं लागंल."

टाकीच्या नळाखाली पाणी गळायचं तिथं तेवढी हराळी हिरवी होती. जगदेवप्पांनी स्वतः वाकून ती उपटली. वर टाकीवर त्यांचं नाव होतं. त्यांनी एकदा तिकडं पाहिलं आणि पुढं चालू लागले.

पाटलांच्या घराच्या ओसरीवर रत्नम्मा कैकदा बसली होती. आतल्या खोलीत ती त्या दिवशी पहिल्यांदा गेली. ईरम्मा खाटेवर पडली होती, वाळून लहान झाली होती. डोळे मात्र टकटकीत.

"आलीस का, रत्नम्मा? बस. हिकडं उजेडात बस. मला दिसाया पायजे."

रत्नम्मानं मला जगदेवप्पांच्या डोक्यावर ठेवलं आणि मागची सुतळी बांधली. जगदेवप्पा बोलू लागले. "ही थोर बाबेल..."

"म्हण की," ईरम्मा म्हणाली. "तवा भोंग्यातून म्हटलास, आता आईपुढं लाज वाटायली व्हय?"

"ही थोर बाबेल मी बांधली," ते हळूच म्हणाले. कमानीचं नाव काढलं नाही, टाकीचं नाही.

रत्नम्मानं स्वर्गातले शब्द म्हटले. मग तिनं दोन्ही हातांनी मला त्यांच्या डोक्यावरून उचललं. मित्रांनो, माझ्या सगळ्या आयुष्यात मी इतका हलका कधी झालो नव्हतो. जगदेवप्पा गुडघ्यांवर आले आणि त्यांनी हराळी तोंडात घातली. ते चावत राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"अक्का, लई चरबट हाय."

"हाय खरं. वर बघा आता."

त्यांनी वर पाहिलं. वर माळवदाच्या लाकडी तुळया होत्या, दुसरं काही नव्हतं. तरी ते बराच वेळ बघत राहिले. मग रत्नम्मा म्हणेल तसं त्यांनी मागून म्हटलं की राज्य देवाचं आहे, ते पिढ्यान्‌पिढ्या टिकतं, आणि तो काय करतो असं त्याला कुणी विचारू शकत नाही. शेवटचं वाक्य रत्नम्मानं सांगितलं नव्हतं. ते त्यांचं स्वतःचं होतं. "आन् मी ओरडलो ते चुकलं, अव्वा."

"बरं, बरं," ईरम्मा म्हणाली. "आता ऊठ. तोंड धू. आन् ते औषध दे हिकडं."

निघताना जगदेवप्पा म्हणाले, "अमरनाथला पाठवा, अक्का. किल्ली देतो."

रत्नम्मा उंबऱ्यात थांबली. "किल्ली आमच्या दारातून नेली हाय, अण्णा. दारातच आणून दिली तर बरं दिसंल."

महेशकुमार ओसरीवर उभा होता. तो काहीतरी बोलणार होता. जगदेवप्पांनी त्याच्यापुढं नुसता हात पसरला. त्यानं खिशातून किल्ली काढून दिली. त्याच संध्याकाळी जगदेवप्पा आमच्या दारात आले. अमरनाथ नुकताच मंठाळच्या बसनं उतरला होता. त्यानं किल्ली घेतली, कमरेला बांधली आणि म्हणाला, "अध्यक्षसाब, नळाखालचं वायसर गेलंय. उद्या बदलतो."

"लई घाई करू नको," जगदेवप्पा म्हणाले. "तिथं जरा गवत ऱ्हाऊ दे."

अमरनाथला काही कळलं नाही. रत्नम्मा मात्र चुलीपुढं बसून हसू लागली. तिला हसताना मी पुष्कळ दिवसांनी पाहिलं.

मित्रांनो, मी आता सुखात आहे. यंदाच्या सणाला जगदेवप्पा पुन्हा राजा झाले आणि पाला त्यांनी न सांगता खाल्ला. पुढल्या वर्षी दुसरं कुणी होईल. तुमच्याही घरात, शाळेत, देवळात माझ्यासारखी एखादी जुनी वस्तू असेल. तिला ओलीपासून जपा. वर्षातून एकदा तरी हातात घ्या, पुसा, आणि ती कशासाठी केली होती हे लहानांना सांगा. रंग नाही दिला तरी चालेल. आणि तुमच्यापैकी कुणाला उद्या मोठं पद मिळालं, तर ते डोक्यावरून उतरवायची सवय आधीपासून ठेवा. उतरवताना फार हलकं वाटतं, हे मी अनुभवानं सांगतो.

ईरम्मानं त्या दिवसापासून औषध घेतलं, पण वय झालं होतं. गेल्या वर्षी उगादीच्या, म्हणजे पाडव्याच्या, आदल्या दिवशी, सकाळी, जगदेवप्पांच्या हातून पाणी पिऊन ती वारली. तिला मळ्यात, बसवराज पाटलांच्या शेजारी माती दिली.